किल्ली कोणाकडे राहणार? छोट्या कामासाठी छोटं अनुदान मिळवताना

वाडीतल्या समाजमंदिरात मुलांना अभ्यासाला जागा करायची असते. गावच्या जुन्या आडावर लोखंडी जाळी बसवायची असते. वस्तीतल्या बायकांना शिवणाची दोन मशीन हवी असतात. असल्या कामांना वीस हजारांपासून फार तर लाखभर रुपये लागतात. वर्गणीतून एवढे निघत नाहीत, आणि मोठ्या योजनेच्या दारात एवढ्याशा रकमेला कोणी उभं करत नाही. मधल्या या रकमेसाठी छोटी अनुदानं असतात. ती मिळतात, पण पहिल्यांदा मागणारा माणूस हमखास तीन-चार ठिकाणी अडखळतो. म्हणून हा लेख.

मी आधी मागणाऱ्यांत होते, आता एका न्यासाच्या निवड समितीत देणाऱ्यांत बसते. २०११ साली आमच्या महिला मंडळाला वाचनकोपऱ्यासाठी पहिलं अनुदान मिळालं, तीस हजारांचं, दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यात काचेचं कपाट आणि पुस्तकं आली, उद्घाटन झालं, पेढे वाटले. कपाटाची किल्ली ज्या मुलाकडे होती त्याला चाकणला नोकरी लागली आणि किल्ली त्याच्या गाडीच्या जुडग्यातच गेली. चार महिने कपाट बंद. तेवढ्यात न्यासाच्या बाई पाहणीला आल्या. काचेतून पुस्तकं दिसत होती, हाताला एकही लागत नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. चहा घेतला आणि गेल्या. दुसरा हप्ता आला नाही.

आता समोर अर्ज आला की मी आधी शेवटचं पान उलटते आणि एवढंच शोधते, किल्ली कोणाकडे राहणार?

पायरी पहिली: काम एका वाक्यात बसवा

"वस्तीचा सर्वांगीण विकास" हे काम नव्हे. "वस्तीतल्या समाजमंदिरात दहावी-बारावीच्या २४ मुलांसाठी रोज संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिका" हे काम. वाक्यात जागा, माणसं आणि वेळ आली पाहिजे. ती येत नसेल तर अर्ज लिहायला घेऊ नका, वही घेऊन वस्तीत फिरा.

फिरायचं तेही नुसतं सरपंच आणि चार कार्यकर्त्यांकडे नाही. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना, त्यांच्या सवडीनं विचारा. बायकांची बैठक सकाळी अकराला लावली तर कामावर न जाणाऱ्या तेवढ्याच येतात. आम्ही अभ्यासिकेसाठी मुलांना विचारलं तेव्हा मोठी माणसं पुस्तकं-पुस्तकं करत होती. मुलं म्हणाली, पुस्तकं आहेत, घरात टीव्ही चालू असतो आणि खोलीत एकच दिवा आहे. म्हणजे हवी होती शांतता आणि उजेड. पुस्तकांचा खर्च तिथल्या तिथे गळला आणि अर्ज निम्म्यावर आला.

तीन संध्याकाळी प्रत्यक्ष मोजा, किती मुलं कुठे बसून अभ्यास करतात. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा, दोन फोटो काढा. अर्जात यापेक्षा दमदार काही नसतं. तालुक्याची लोकसंख्या आणि साक्षरतेची टक्केवारी सगळेच लिहितात, समिती ती वाचत नाही.

पायरी दुसरी: जागा कोणाची?

हा प्रश्न नवे लोक शेवटी विचारतात आणि तिथेच काम अडतं. समाजमंदिर बहुधा ग्रामपंचायतीचं असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, त्याची नोंद पाहा. शेतजमीन असेल तर सातबारा. मग ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. त्यात सूचक आणि अनुमोदक यांची नावं, ठरावाचा क्रमांक आणि तारीख हवी, आणि "अमुक वेळेत अमुक वापराला हरकत नाही" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. सरपंचांनी तोंडी "करा की" म्हटलं म्हणजे परवानगी नव्हे. उद्या निवडणूक झाली की "करा की" म्हणणारे घरी आणि कुलूप लावणारे पंचायतीत.

खाजगी जागेवर पक्कं काही उभारायचं असेल तर देणारे सहसा नाही म्हणतात, आणि बरोबरच आहे. देणगीतून बांधलेली शेड पाच वर्षांनी कोणाच्या तरी गोठ्यात जमा झालेली मी पाहिली आहे.

पायरी तिसरी: अर्ज कोणाच्या नावानं?

बहुतेक देणाऱ्यांना नोंदणीकृत संस्था लागते. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा, त्यासाठी किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो, म्हणून दोन्ही नोंदण्या धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात होतात. त्याला वेळ लागतो. पुढे दरवर्षी लेखापरीक्षण करावं लागतं, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. हा फेरफार अहवाल न दिल्यामुळे कागदावर वीस वर्षांपूर्वीचेच विश्वस्त असलेल्या, आणि त्यातले निम्मे देवाघरी गेलेल्या संस्था गावोगाव आहेत. अशा संस्थेला बँकसुद्धा सह्या बदलून देत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: पहिल्याच एका कामासाठी संस्था काढू नका. गावात आधीपासून नीट चालणारं वाचनालय, युवक मंडळ किंवा महिला मंडळ असेल तर त्यांच्या नावानं अर्ज करा. शाळेशी जोडलेलं काम असेल तर शाळा व्यवस्थापन समितीला घ्या, तिच्यात पालकच जास्त असतात. मात्र त्या संस्थेशी आधी लेखी ठरवा: पैसे त्यांच्या खात्यात येतील, खर्च कोण ठरवेल, बिलं कोण ठेवेल, वस्तू कोणाच्या नोंदवहीत चढतील. मैत्रीत हे बोलायला अवघड वाटतं. पैसे आल्यावर बोलणं त्याहून अवघड जातं.

दोन वर्षं काम टिकलं आणि माणसं टिकली, की मग खुशाल संस्था काढा. सातही जणं एकाच घरातली नसावीत एवढं पाहा. नवरा अध्यक्ष, बायको खजिनदार आणि दीर सचिव असलेले अर्ज आमच्याकडे येतात आणि आल्या पावली परत जातात.

नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी जमवायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खालची तात्पुरती परवानगी लागते. गणेशोत्सवात मंडळं घेतात तीच.

बँक खातं संस्थेच्या नावाचं, पॅन संस्थेचं, आणि तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्यांनी पैसे निघतील असं असावं. कोणाच्याही बचत खात्यात "तात्पुरते" पैसे घेऊ नका. कितीही भला माणूस असो.

पायरी चौथी: कोणाच्या दारात जायचं?

सगळ्यात जवळचं दार आधी ठोठवा. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या काही आठवड्यांत ठरतो. "आमचं गाव, आमचा विकास" हे ज्याचं नाव, तोच हा आराखडा. त्यात तुमचं काम लेखी घाला. पुण्यात महापालिका २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामं सुचवून घेते. बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे असली कामं त्यातून होतात. आमदार निधी आणि खासदार निधीही याच जातीचे: दोन्ही वर्षाला प्रत्येकी पाच कोटींचे, काम लोकप्रतिनिधी सुचवतात आणि मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून येते. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, काम सरकारी यंत्रणा करते. जाळी, दिवे, पेव्हर ब्लॉक यांना हे उत्तम. मुलांची अभ्यासिका रोज चालवायला याचा उपयोग नाही.

हातात पैसे देणारे निराळे. तालुक्याच्या गावातले रोटरी आणि लायन्स क्लब, नागरी बँका आणि पतसंस्था यांचे धर्मादाय निधी, जुन्या व्यापारी घराण्यांचे न्यास. रोटरीत छोट्या कामांसाठी डिस्ट्रिक्ट ग्रँट, म्हणजे रोटरीच्या विभागाकडून मिळणारं अनुदान, असते, पण ती क्लबमार्फतच मिळते, म्हणजे आधी एखाद्या क्लबला तुमचं काम आपलं वाटलं पाहिजे. बचत गटांना उमेद या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातून फिरता निधी मिळतो. तो गटाच्या अंतर्गत कर्जासाठी आहे, सार्वजनिक कामात घालायचा नाही.

मग कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि जिथे कंपनी चालते त्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. त्यामुळे तुमच्या शेजारी एमआयडीसी असेल तर मुंबईच्या मुख्य कार्यालयाला पत्र धाडण्याआधी त्या कारखान्याच्या एचआर खात्यात जाऊन भेटा. मात्र कंपनीचा हा पैसा थेट घ्यायचा तर संस्थेला लोक ज्याला बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणतात त्या आयकराच्या नोंदण्या लागतात (पहिली संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देते, दुसरी देणगीदाराला), वर कंपन्यांचा हा सामाजिक निधी घेण्यासाठीचा कंपनी मंत्रालयाचा सीएसआर-वन नोंदणी क्रमांक, आणि बहुधा तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. नव्या मंडळाला हे जमत नाही. पण कारखान्याला जुनी टेबलं, कपाटं, संगणक काढून टाकायचे असतात. ते मागा. आमच्या अभ्यासिकेतली पहिली दहा टेबलं अशीच आली.

परदेशातल्या पैशाबद्दल मात्र सावध राहा. गावचा मुलगा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो, "काकू, लाखभर पाठवतो." तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक व्यवहारानं पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग त्याच्याकडे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड का असेना, ती परदेशी देणगी ठरते, आणि ती घ्यायला केंद्र सरकारची एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीकृत दुसऱ्या संस्थेकडून फिरवून घेण्याची वाटही २०२० च्या दुरुस्तीनं बंद झाली. म्हणून अशा मुलाला प्रेमानं नाही म्हणा. त्याच्या आईला इथल्या पेन्शनमधून पाच हजार देऊ द्या, ते चालतात.

पायरी पाचवी: अंदाजपत्रक

अर्जातलं हे पान मी सर्वांत सावकाश वाचते. "साहित्य: ३५,०००, इतर खर्च: १५,०००" असं लिहिलेलं दिसलं की पुढे वाचायची इच्छा उरत नाही. "इतर" म्हणजे काय? अभ्यासिकेचं एक नमुना अंदाजपत्रक देते. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बाजारात विचारून घाला.

घडीची टेबलं ६, प्रत्येकी २,४०० : १४,४००
प्लास्टिकच्या खुर्च्या २४, प्रत्येकी ५५० : १३,२००
एलईडी ट्यूब ८, प्रत्येकी ३५० : २,८००
पंखे ३, प्रत्येकी १,९०० : ५,७००
वायरिंग, मजुरीसह : ४,५००
लोखंडी कपाट १ : ९,०००
वीजबिल, १२ महिने, दरमहा ६०० : ७,२००
एकूण : ५६,८००
आमची लोकवर्गणी : ८,०००
मागणी : ४८,८००

यात दोन ओळी बघा. एक वीजबिल. नवे लोक वस्तू मागतात, चालवायचा खर्च मागायला लाजतात, आणि चौथ्या महिन्यात मीटर कापलं जातं. काही देणारे चालू खर्च देत नाहीत. मग तो लोकवर्गणीत धरा, पण कागदावर दिसू द्या. दुसरी ओळ लोकवर्गणीची. रक्कम लहान असली तरी चालेल, ती आधी गोळा करून खात्यात भरा आणि पासबुकाची प्रत अर्जाला जोडा. "लोकवर्गणी जमवू" आणि "लोकवर्गणी जमली आहे" यांत अर्ज मंजूर होण्या-न होण्याइतका फरक आहे. श्रमदानही मोजा: रंगकामाला बारा जण दोन दिवस, म्हणजे २४ मनुष्यदिवस. पण ते पैशांच्या बेरजेत मिसळू नका, खाली वेगळं लिहा.

मोठ्या वस्तूंसाठी तीन दुकानांची दरपत्रकं घ्या, जीएसटी धरून. एकाच दुकानदारानं तीन लेटरहेडवर काढून दिलेली तीन कोटेशनं कोणालाही ओळखू येतात. अक्षर तेच असतं, कधी कधी चुकासुद्धा त्याच.

पायरी सहावी: अर्ज

दोन पानं पुरतात. आधी ते एक वाक्य, मग तुम्ही मोजलेला आकडा, मग काय करणार, कधी करणार, कोण करणार, किती लागेल. भाषा साधी ठेवा. "सक्षमीकरण" आणि "शाश्वत" हे शब्द न वापरता अर्ज लिहून पाहा, म्हणजे खरं काय करायचं आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. मराठीत चालतो का ते फोन करून विचारा. स्थानिक न्यासांना बहुधा चालतो, आणि मोडक्या इंग्रजीपेक्षा धड मराठी केव्हाही बरी.

शेवटी "पुढे काय" असा परिच्छेद लिहा. किल्ली कोणाकडे, तो नसेल तेव्हा कोणाकडे, ट्यूब गेली तर कोण आणणार, दरमहा प्रत्येक मुलामागे वीस रुपये घेणार की ग्रामपंचायत बिल भरणार. नावं लिहा. ज्यांची नावं लिहाल त्यांना आधी विचारा. ही सूचना फालतू वाटेल, पण मी पाहणीला गेले असता ज्यांना आपण व्यवस्थापन समितीत आहोत हे माझ्याकडूनच कळलं, असे सदस्य भेटले आहेत.

सोबत काय जोडायचं ते देणाऱ्याच्या यादीप्रमाणे, त्याच क्रमानं: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला चेक, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, जागेचा ठराव, दरपत्रकं. यादीत नसलेली वर्तमानपत्रातली कात्रणं आणि पुढाऱ्यांबरोबरचे फोटो जोडू नका.

पायरी सातवी: पाहणी

कोणी बघायला येणार असेल तर हारतुरे नकोत, मंडप नको. नेहमीच्या वेळी नेहमीसारखी जागा दाखवा. प्रश्न विचारले की अध्यक्षांनीच सगळी उत्तरं देऊ नयेत. मी मुद्दाम कोपऱ्यात बसलेल्या मुलीला विचारते, "तू कधी येतेस? घरी परत जाताना वाटेत उजेड असतो का?" एकदा अशाच उत्तरावरून कळलं की मुली सातलाच निघून जातात, कारण समाजमंदिर ते वस्ती या वाटेवर दिवा नाही. मागणीत एक दिव्याचा खांब वाढला आणि तो ग्रामपंचायतीनं बसवला.

नकार आला तर कारण विचारा, एकदाच आणि नम्रपणे. पुष्कळदा कारण काम वाईट हे नसतं. वर्षाचा निधी संपलेला असतो, आणि पुढच्या एप्रिलनंतर तोच अर्ज चालतो.

पायरी आठवी: पैसे आल्यावर

मंजुरीचं पत्र नीट वाचा: रक्कम, हप्ते, मुदत, काय खरेदी करता येणार नाही. काही बदलायचं असेल, पंख्याऐवजी टेबल हवं असेल, तर आधी लेखी विचारा. विचारलं तर सहसा हो म्हणतात. न विचारता केलं तर तोच खर्च नामंजूर होतो.

बिल संस्थेच्या नावानंच घ्या. आमच्या दुसऱ्या अनुदानात दुकानदारानं बिल आणायला गेलेल्या पोराच्या नावानं फाडलं. पोराला वाटलं काय बिघडतं. नऊ हजार आम्ही बायकांनी पदरचे भरले. शक्य तिथे चेकनं किंवा खात्यावरून पैसे द्या. एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोख देऊ नका, आयकरात ते अडचणीचं ठरतं. सुताराकडे, गवंड्याकडे छापील बिल नसतं. तिथे व्हाउचर करा: नाव, पत्ता, काम, रक्कम अंकी आणि अक्षरी, सही किंवा अंगठा. पाच हजारांच्या वर रोख दिली तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्या. स्टॅम्प पोस्टात मिळतं, दहा-वीस आणूनच ठेवा, ऐनवेळी पोस्ट बंद असतं.

रोजकीर्द त्याच रात्री लिहा. दुकानाची थर्मल कागदावरची पावती सहा महिन्यांत कोरी होते, म्हणून आल्या दिवशी तिची झेरॉक्स काढून मूळ पावतीला टाचा. हे कोणी सांगत नाही, आणि लेखापरीक्षणाला हातात पांढरा कागद उरतो.

पायरी नववी: अहवाल

मुदतीच्या आठवडाभर आधी द्या. खर्चाचा तक्ता मंजूर अंदाजपत्रकाच्याच ओळींनी करा, शेजारी प्रत्यक्ष खर्च आणि फरक. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, मागितलं असेल तर सनदी लेखापालांना मार्चअखेर किंवा सप्टेंबरात गाठू नका, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पैसे उरले तर परत करायची तयारी दाखवा. आम्ही एकदा १,३४० रुपये परत केले, त्याचा फायदा पुढे झाला.

जे जमलं नाही तेही लिहा. चोवीस मुलं धरली होती आणि रोज चौदाच येतात, तर चौदा लिहा, का ते लिहा. हजेरीची वही बघायला कोणी ना कोणी येतंच.

वस्तू आल्या की लगेच डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवा आणि टेबलाखाली रंगानं क्रमांक टाका, म्हणजे लग्नकार्याला गेलेल्या खुर्च्या परत येतात.

आणि किल्ली. आमच्या अभ्यासिकेच्या दोन किल्ल्या आहेत. एक पिठाच्या गिरणीत खिळ्याला असते, कारण गिरणी रात्री उशिरापर्यंत उघडी असते आणि तिथे कोणी ना कोणी बसलेलं असतं. दुसरी शाळेच्या मावशींकडे. गिरणीवाले काका गावाला निघाले की आदल्या संध्याकाळी त्यांची किल्ली शेजारच्या किराणा दुकानात ठेवतात आणि खिळ्याखाली खडूनं दुकानाचं नाव लिहून जातात.